नांगराची निशाणी आणि कार्डावरची सही

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील घरी आले. शिवणकाम करतात. उर्दू चांगले वाचतात, मराठीही वाचतात. हातात झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले चार कागद होते.

"सर, हे जरा वाचून सांगा. पोराला विचारलं तर नुसता चिडतो. सगळं इंग्रजीत आहे."

ते क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट होते. मुलगा एका गोदामात नोकरीला. पगार सुरू झाल्यावर काही महिन्यांतच बँकेकडून फोन आला, 'तुमचं कार्ड मंजूर झालंय, काही द्यावं लागणार नाही.' मुलाने होकार दिला. मोबाइल घेतला, बहिणीच्या लग्नात थोडे कपडे आणि भांडी घेतली. आकडा पन्नास हजारांवर गेला. पुढे वर्षभर त्याने 'किमान देय रक्कम' इमानाने भरली. मग दोन महिने हातात पैसे नव्हते. ते चुकले आणि फोन सुरू झाले. सकाळी, रात्री, मामांकडे, दुकानाच्या मालकाकडे.

वडिलांना कळत नव्हते ते एवढेच, की वर्षभर पैसे भरूनही आकडा पुन्हा पन्नास हजारांच्या वर कसा?

मी कागदावर हिशेब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. पन्नास हजारांवर १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. एकूण २,०६५. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५००. भरलेल्या अडीच हजारांतले मुद्दलात गेले फक्त ४३५ रुपये. असे बारा महिने केले तर खिशातून साधारण साडेअठ्ठावीस हजार जातात आणि कर्ज उतरते जेमतेम पाच हजारांनी. त्यानंतर दोन हप्ते चुकले की दंड आणि व्याज मिळून ते पाच हजारही परत चढतात.

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू का सर? व्याज तर हराम आहे. मग हे फेडायचंच कशाला? मशिदीबाहेर एकजण म्हणाला, बुडवा खुशाल, काही गुनाह नाही."

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. "पुढच्या जुम्याला मुलाला घेऊन या," एवढेच म्हणालो. त्या आठवड्यात मी जे वाचले, आठवले आणि जुळवले, ते इथे लिहितो आहे. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

शब्द काय सांगतात

मी भाषेचा शिक्षक, म्हणून आधी शब्दांकडे जातो. मराठीत देण्याघेण्याचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. कर्ज, वसुली, तगादा, मुदत, जप्ती, जामीन. दरबारी आणि कचेरीच्या भाषेतून ते गावच्या चावडीपर्यंत पोहोचले आणि इतके रुळले की ते कुठून आले हे कुणाला आठवतही नाही. 'हप्ता' तर फारसीत नुसता आठवडा. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला आठवड्याला द्यायचे पैसे, मग नुसतेच द्यायचे पैसे.

'व्याज' हा शब्द मात्र संस्कृतातला. तिथे त्याचा एक अर्थ 'मिष, बतावणी, कपट' असा आहे. दहावीच्या मुलांना व्याजस्तुती अलंकार शिकवताना मी हे सांगतो. वरून स्तुती, आतून निंदा. आणि ज्याच्या मनात कपट नाही ते प्रेम 'निर्व्याज'. अरबीतल्या 'रिबा'चा अर्थ 'वाढ'. एका भाषेने वाढ पाहिली, दुसऱ्या भाषेने वाढीमागची बतावणी. दोन्ही भाषांनी पाहिलेली गोष्ट बहुधा एकच असावी.

सुप्याचा बाजार

आता दीडशे वर्षे मागे जाऊ. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे गाव. आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतावण्या, वह्या. हाती लागले ते त्यांनी जाळले. काही ठिकाणी धान्य लुटले, घरे पेटवली. पुढच्या काही दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

या दंग्यांत माणसांवर झालेली हिंसा फारच थोडी होती. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याला सोडून दिले गेले. राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता. सरकारने ९५१ जणांना अटक केली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

शेतकरी इतक्या टोकाला का गेला? साधे उत्तर असे की तो उधळ्या होता, लग्नकार्यात कर्ज काढून खर्च करायचा. तेव्हाही अनेक साहेब लोक हेच म्हणत. पण थोडे मागे जाऊन पाहू.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. मुंबईचे व्यापारी शहरांतल्या सावकारांना पैसे देऊ लागले, शहरांतले सावकार गावच्या सावकाराला आणि गावचा सावकार शेतकऱ्याला. ज्या एकरात कापूस लावला त्या प्रत्येक एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. त्याच काळात रेल्वेची कामे चालू होती, बोरघाट फुटत होता, हातात मजुरीचा पैसा होता. सुपे-शिरूर हा काही कापसाचा मुख्य पट्टा नव्हे, पण तेजीची हवा सगळीकडेच होती. एरवी चार वेळा विचार करून कर्ज देणारा सावकार आता मागून देत होता.

१८६५ ला युद्ध संपले. अमेरिकन कापूस परत आला, भाव पडले. पैशाचा ओघ जसा वरून आला तसाच वर परत खेचला गेला. मुंबईने शहराकडे मागितला, शहराने गावाकडे आणि गावच्या सावकाराने शेतकऱ्याकडे. नवी उचल बंद, जुनी फेड चालू. नेमक्या याच वेळी सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी आणली आणि सारा बऱ्याच ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. तो रोखीने, ठरल्या तारखेला भरायचा. भरायला पैसे कुठून आणायचे? पुन्हा सावकाराकडूनच.

कायदा कुणाच्या बाजूचा

१८५९ ला सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षेच वैध राहील, त्यानंतर दावा चालणार नाही. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे व्याज साठत जाऊ नये, हा. पण सावकाराने त्याचा उपयोग उलटा केला. तीन वर्षे भरत आली की तो शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनी मुद्दल अधिक तीन वर्षांचे व्याज मिळून नवी मुद्दल. आता त्यावर पुन्हा व्याज.

समजा शंभर रुपये, व्याज महिन्याला दोन टक्के. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज होते, नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी तो २९६ च्या घरात जातो, नऊ वर्षांनी ५०९ च्या. शेतकऱ्याने मधल्या काळात नवा पैसाही घेतलेला नाही. दंग्यांच्या चौकशीत तर असे एक प्रकरण पुढे आले की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावले गेले होते.

आपल्याकडे जुना रिवाज 'दामदुपटी'चा होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता येत नसे. शंभराचे फार तर दोनशे. नव्या कोर्टांत या रिवाजापेक्षा कागद मोठा ठरला. कागदावर अंगठा आहे ना? मग झाले. शेतकरी कोर्टात हजरच व्हायचा नाही. त्याला तारीख कळायची नाही, किंवा कळली तरी बैल सोडून तालुक्याला जाणे परवडायचे नाही. एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जप्ती यायची.

लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराचे चित्र काढायचा, 'निशाणी नांगर' म्हणून. जुन्या दस्तऐवजांत ते चित्र दिसते. ज्याच्यावर त्याचे पोट, तेच अवजार तो काढायचा. पण त्या नांगराच्या वर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. लिहिणारा सावकार, वाचून दाखवणाराही सावकार.

यातली एक गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्या भागातले बरेचसे सावकार मारवाडी आणि गुजराती होते, बाहेरून आलेले. त्यामुळे राग व्यवहारावरचा असला तरी तो एका समाजावर निघाला. सरकारलाही ते सोयीचे होते. चौकशी आयोगाने निर्वाळा दिला की सरकारचा सारा हे कारण नाही, दोष सावकारांचा. गावच्या सावकारामागचा शहरातला सावकार, त्याच्यामागची मुंबई, मुंबईमागचे मँचेस्टर आणि या सगळ्यांवर बसलेला सारा, हे सारे मागे राहिले. एका धंद्याचा दोष एका समाजाच्या माथी मारला की खरे कारण सुटून जाते. हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे, म्हणून दुसऱ्याच्या बाबतीतही आपण ते विसरू नये.

तरी त्या दंग्यांतून एक मोठी गोष्ट झाली. १८७९ ला 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. त्याने न्यायाधीशाला पहिल्यांदाच अधिकार दिला की नुसता रोखा बघू नका, रोख्याच्या मागे जा. मूळ रक्कम किती होती, किती फेडली, व्याज किती आणि कसे लावले, याचा पहिल्यापासून हिशेब मांडा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. गावपातळीवर दस्त नोंदवण्याची आणि तडजोडीची सोय झाली. न्यायमूर्ती रानड्यांनीही या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याला मर्यादा होत्या. पुढे बऱ्याच सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ विक्रीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. पण कर्ज घेणारा जसा जबाबदार, तसा देणाराही जबाबदार, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले. ते महत्त्वाचे.

फ्रेस्नोची पाकिटे

आता सुप्याहून फ्रेस्नोला जाऊ. कॅलिफोर्नियातले हे शहरही शेतीच्या मुलखातले. द्राक्षांचे मळे, मनुके, फळबागा. तिथे १८ सप्टेंबर १९५८ रोजी सुमारे साठ हजार घरांत टपालाने एकेक पाकीट आले. त्यात बँक ऑफ अमेरिकाचे कार्ड होते. कुणीही अर्ज केलेला नव्हता. कार्ड थेट वापरायला तयार होते, तीनशे-पाचशे डॉलरपर्यंतची उधारी मंजूर केलेली.

त्याआधी कार्डे नव्हती असे नाही. १९५० ला न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला होता. पण तिथे महिनाअखेर सगळे बिल चुकते करावे लागे. फ्रेस्नोच्या कार्डातली नवी गोष्ट अशी की पूर्ण पैसे देण्याची गरजच नव्हती. थोडे द्या, उरलेले पुढे ढकला, त्यावर महिन्याला दीड टक्का व्याज. म्हणजे वर्षाला अठरा.

ही बँक काही वाईट इराद्याने जन्मलेली नव्हती. ए. पी. जियानिनी यांनी १९०४ ला ती 'बँक ऑफ इटली' या नावाने सान फ्रान्सिस्कोत काढली, ती मोठ्या बँका ज्यांना दारात उभे करत नसत अशा इटालियन स्थलांतरितांसाठी, भाजीवाल्यांसाठी, छोट्या दुकानदारांसाठी. जो माणूस समोर दिसतो, ज्याची मेहनत माहीत आहे, त्याला कर्ज देणे ही तिची रीत. ५० वर्षांनंतर त्याच बँकेने माणूस न पाहताच कर्ज वाटले. तेरा-चौदा महिन्यांत कॅलिफोर्नियाभर वीस लाख कार्डे गेली.

योजना आखणारे जोसेफ विल्यम्स यांचा अंदाज होता की चार टक्के खाती थकतील. थकली बावीस टक्के. कार्डे चोरीला गेली, खोटी खरेदी झाली. बँकेने ८८ लाख डॉलरचा तोटा दाखवला. जाहिरात आणि इतर खर्च धरला तर तो दोन कोटींच्या आसपास जातो. १९५९ संपण्याआधीच विल्यम्स बँक सोडून गेले.

इथे हा प्रयोग संपायला हवा होता. पण संपला नाही. बँकेने वसुली कडक केली आणि १९६१ पर्यंत कार्डाचा धंदा नफ्यात आला. जे थोडे-थोडे भरत राहतात आणि कधीच पूर्ण फेडत नाहीत, ते व्याज देत राहतात, हे बँकेला उमगले. हेच कार्ड पुढे १९७६ ला 'व्हिसा' झाले. १९६६ ला शिकागोच्या बँकांनी तर लाखो कार्डे अशीच घरोघर पाठवली. ती लहान मुलांच्या नावाने गेली, मेलेल्या माणसांच्या नावानेही गेली. शेवटी १९७० ला अमेरिकन संसदेने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली.

मग १९७८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बँकेचे मुख्यालय ज्या राज्यात, त्या राज्याचा व्याजदर ती देशभर लावू शकते. साउथ डकोटा राज्याने १९८० ला व्याजावरची मर्यादाच काढून टाकली आणि सिटीबँकेने आपला कार्डाचा कारभार तिथल्या सू फॉल्स गावी हलवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचे सावकाराने जे केले, तसेच हे. लगाम होता, पण घोडा दुसऱ्या तबेल्यात नेला.

एक गंमत सांगतो. इंग्रजीत 'डेडबीट' म्हणजे कर्जबुडवा. पण अमेरिकेच्या कार्ड व्यवसायात हा शब्द थट्टेने कुणाला लावतात? जो दर महिन्याला पूर्ण बिल वेळेवर भरतो त्याला. कारण त्याच्याकडून व्याज मिळत नाही! ज्या धंद्यात वेळेवर फेडणारा नावडता, त्या धंद्याकडून 'जबाबदारीने कर्ज घ्या' हा उपदेश ऐकताना थोडे सावध असावे.

आपल्याकडे

भारतात २०२४ च्या सुरुवातीला वापरातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. रिझर्व्ह बँकेने त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, विनातारण कर्जांच्या वाढीची काळजी करून बँकांना कार्डाच्या उधारीसाठी जास्त भांडवल राखून ठेवायला सांगितले होते. २०२२ च्या तिच्या नियमांत न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज किती लांबते याचा इशारा बिलावर देणे बंधनकारक आहे. थकलेल्या शुल्कावर आणि करावर व्याज चढवता येत नाही.

व्याजाच्या वरच्या मर्यादेचे मात्र काय झाले? २००८ ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटले होते की वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. हा विषय आयोगाच्या अधिकारातला नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण व्यवहारात अर्थ असा की साडेतीन टक्के महिना, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, हा दर आज कायदेशीर आहे. सुप्याच्या सावकारालाही हा दर काही कमी वाटला नसता.

सांगणारा कोण, लिहिणारा कोण

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो.

कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीचा विषय कर्ज आहे. सूरह बकरा, आयत २८२. हे बहुतेकांना माहीत असते. कर्ज मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, एवढे आपण नेहमी सांगतो. पण त्यातला एक तपशील आपल्या बयानांत फारसा येत नाही. मजकूर कुणी सांगायचा? ज्याने कर्ज घेतले आहे त्याने. लेखकाने तो न्यायाने लिहायचा. आणि कर्जदार दुबळा असेल, त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या वलीने सांगायचा.

म्हणजे कागद दुबळ्या बाजूच्या तोंडून उतरला पाहिजे. काय घेतले, किती घेतले, कधी द्यायचे, हे त्याला समजले आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? सुप्याच्या रोख्यावर सांगणारा सावकार होता आणि शेतकरी फक्त नांगर काढायचा. कार्डाच्या बारीक इंग्रजी अक्षरांत सांगणारी बँक आहे आणि आपला मुलगा फक्त 'मी सहमत आहे' वर बोट ठेवतो.

त्याच्या थोड्या आधीच्या दोन आयती पाहा. एकीत म्हटले आहे की मुद्दल तुमची आहे, तुम्ही जुलूम करू नका आणि तुमच्यावरही जुलूम होऊ नये. दुसरीत, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि माफ केलेत तर ते अधिक चांगले. म्हणजे 'व्याज हराम' या वाक्यामागोमाग 'मुद्दल देणेकऱ्याची' हेही आहे. अर्धे वाक्य घेऊन उरलेले टाकून देणे हा दीन नव्हे, ती सोय झाली.

कर्ज डोक्यावर ठेवून गेलेल्या माणसाचा जनाजा आला, तेव्हा पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा यांनी ते कर्ज आपल्यावर घेतले, तेव्हाच पढवली. हा किस्सा आपण कर्जदाराला घाबरवण्यासाठी सांगतो. पण पुढचा भाग राहून जातो. हाती साधने आल्यावर त्यांनी जाहीर केले की जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज फेडणे माझ्याकडे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे सूरह तौबात आहे. कर्ज ही कर्जदाराची जबाबदारी, देणाऱ्याची मर्यादा आणि समाजाचाही भार. तिन्ही एकत्र आहेत.

आपण मात्र यातले काय करतो? लग्नात चार पदार्थ कमी झाले तर नावे ठेवतो. मुलाने कार्डावर फोन घेतला तर 'छान आहे' म्हणतो. तो बुडायला लागला की 'व्याजात पडला' म्हणून तोंड फिरवतो. रमजानमध्ये जकात वाटताना कर्जात अडकलेल्या शिंप्याच्या घराची आठवण आपल्यातल्या किती जणांना येते?

जुम्याच्या दिवशी

पुढच्या जुम्याला नमाजनंतर बाप-लेक आले. मुलगा मान खाली घालून बसला. वर्गात असताना शेवटच्या बाकावर बसायचा, तसाच.

मी त्याला म्हणालो, "तू वापरलेले पैसे तुझ्यावर आहेत. ते द्यायचे. त्यात वाद नाही. व्याज कमी करून घेण्यासाठी, दंड माफ करून घेण्यासाठी भांडायचं, ते मात्र कागदावर आणि तोंड लपवून नाही." त्याला चार गोष्टी सांगितल्या. कार्ड आजपासून बंद. एक कर्ज फेडायला मोबाइलच्या ॲपवरून दुसरे घ्यायचे नाही, कारण तोच तो तीन वर्षांनी नवा रोखा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. त्या फोनांची तारीख-वेळ लिहून ठेवायची. आणि बँकेकडे लेखी अर्ज करायचा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

वडिलांनी विचारले, "आणि सर, ते मशिदीबाहेरचं?"

"मुद्दल बुडवली तर आपणही तेच केलं जे त्यांनी केलं. दुसऱ्याचं घेतलं," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

मग मी कोरा कागद घेतला. अर्ज लिहायचा होता. सवयीने मीच वाक्य सुरू करणार होतो, तेवढ्यात थांबलो. पेन माझ्या हातात ठेवले आणि मुलाला म्हणालो, "तू सांग. काय घेतलंस, किती भरलंस, आता महिन्याला किती देऊ शकतोस. तू सांगशील तसं मी लिहितो."

तो आधी अडखळला. मग सांगू लागला. मोबाइल कितीचा, कपडे कितीचे, कोणत्या महिन्यात किती भरले. मध्येच वडील म्हणाले, "भांडी पण सांग." तो म्हणाला, "हो अब्बा, सांगतो ना." मराठीत पान-दीड पानाचा अर्ज झाला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याने एक आकडा दुरुस्त केला आणि खाली सही केली.

बँकेचे उत्तर अजून आलेले नाही. पण आपण किती देणे लागतो, हे त्या घराला आता माहीत आहे.